मधल्या रांगेतली विहीण

लेकीचा फोन आला तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. "आई, आत्याबाई गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी विहीण गयाबाई. मी पहिल्यांदा काय विचारलं ते सांगते, कारण लेकीला ते अजून लागून राहिलं आहे. मी म्हटलं, "नीट बघितलंस का?" ऐकणाऱ्याला वाईट वाटतं. पण गयाबाई याआधीही एकदा गेलेली होती. थोरला मुलगा चाकणला कंपनीत, सणालाही घरी येईना, तेव्हा तिनं थेट जामखेडच्या भावापर्यंत निरोप धाडला होता की गया आता काही राहत नाही. माणसं गाडी करून रडत-भेकत आली, तर ही चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. वर म्हणते, "आलाच हाये तर जेवून जा." तेव्हापासून तिचं दुखणं, तिची शपथ आणि तिचं रडणं, या तिन्हींवर मी कधी विश्वास ठेवला नाही. मरणावर ठेवावा लागला. मधली पाण्याची चारी ओलांडून तिच्या घरी गेले, अंगणात माणसं जमलेली होती. आत जाऊन हाताला हात लावला... गार होता.

विहिणीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे आमच्याकडे बाईला लग्नाआधीच कळतं. त्यात मी लेक गावातल्या गावात दिली. देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं आमचं गाव, सगळा ऊस. तिच्या घरात आणि माझ्या घरात कालव्याची एक चारी आणि कुणाच्या तरी उसाची सरी, एवढंच काय ते अंतर. तिच्याकडं कशाला फोडणी पडली ते मला वासावरून कळायचं आणि माझ्याकडं कोण पाहुणा आला ते तिला कुत्र्याच्या भुंकण्यावरून. तिनं वाटीभर कालवण पाठवलं की मी आधी वाटी उलटी करून बघायचे, माझीच तर परत आली नाही ना. मी लेकीसाठी लाडू नेले की ती एक उचलून हातावर तोलायची आणि म्हणायची, "इहीनबाई, तूप घरचं हाय का नुसतं नाव घरचं हाय?" अशी आमची वर्षं गेली. आमच्यात प्रेम होतं असं कुणीतरी दहाव्याला बोललं. बोलणारा आमच्यापैकी कुणाच्याच घरचा नव्हता.

तिला एकच वेड होतं, कबड्डीचं. चैत्रात गावची जत्रा असते आणि जत्रेत कबड्डीचे सामने असतात. कोपरगावपासून संघ येतात, रोज संध्याकाळी खेळ चालतो. बाकीच्या बायका जत्रेत बांगड्या बघतात, पाळण्यात बसतात. ही दुपारीच भाकरी उरकून मैदानावर जाऊन बसायची. चढाई करणाऱ्याचा पाय धरला की ही जागेवरून ओरडायची, "सोडू नको मुडद्या, सोडू नको!" मला या वेडाचाही संशय होता. मी एकदा तोंडावर विचारलं, "पोरांच्या मांड्या बघाया जाता व्हय या वयात?" ती म्हणाली, "मग काय तुमच्या इवायाच्या बघू? त्या कवाच काड्या झाल्यात." माझे व्याही तिथंच बाजेवर बसून तंबाखू मळत होते. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्या घरात बोलायचं काम गयाबाईचं होतं.

मैदानाच्या एका अंगाला काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या, बघणाऱ्यांना बसायला. आमच्या सासऱ्यांच्या पिढीनं त्या श्रमदानानं बांधल्या. मधल्या पायऱ्या पुरुषांच्या, आणि पाण्याच्या टाकीकडच्या कोपऱ्यातल्या खालच्या दोन पायऱ्या बायकांच्या. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. त्या कोपऱ्यातून अर्धंच मैदान दिसायचं, उरलेलं अर्धं मांडवाच्या कनातीमागं. तिकडं काय झालं ते टाळ्यांवरून आणि शिव्यांवरून ओळखायचं. मावळतीचं ऊन बरोबर डोळ्यांत यायचं, म्हणून पदर पुढं ओढून बसायचं. कुणाची तक्रार नव्हती. आपली जागा आहे, कुणी उठवत नाही, हेच पुष्कळ वाटायचं. गयाबाई मात्र दर वर्षी तिथून मान वाकडी करकरून बघायची आणि घरी जाऊन लेकीकडून मान चोळून घ्यायची.

मग त्या पायऱ्या खचल्या. फटींतून विंचू निघायला लागले. आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी ठरवलं की आता नवी गॅलरी करायची. दगड काढायचा, सिमेंटचे टप्पे करायचे, वर पत्र्याचं शेड आणि टप्प्यांवर प्लास्टिकच्या निळ्या खुर्च्या. पाठ टेकायच्या, एकमेकींना जोडलेल्या, नंबर घातलेल्या. शहरातल्या स्टेडियमला असतात तशा. गाव खूश झालं. मला तेव्हाच शंका आली होती, पण ती शेडचं काम कुणाला मिळणार याची. खरी भानगड दुसरीच निघाली.

आमच्याकडं घरात खुर्च्या एक नाहीतर दोन, आणि त्या पुरुषांच्या. सासरा, थोरला दीर, गावातलं वडीलधारं माणूस समोर असताना बाई खुर्चीवर बसत नाही. ती खाली बसते, उंबऱ्यावर बसते, पायरीवर बसते. पायरी म्हणजे जमीनच. म्हणून तर त्या दगडावर आम्हाला इतकी वर्षं बसता आलं. आता सगळीकडं खुर्च्या झाल्या तर सुनेनं काय सासऱ्याच्या मागच्या ओळीत खुर्चीवर पाय लोंबकळत सोडून बसायचं? हे मंडळातल्या एकाही माणसाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या बायका त्यांच्यासमोर जन्मभर खाली बसत आल्या होत्या, पण ते त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. रोजचं कोण बघतं?

आम्ही बायका जमून अण्णांकडं गेलो. म्हटलं, सगळं करा, फक्त टाकीकडच्या आमच्या दोन पायऱ्या राहू द्या. दगड नीट बसवून द्या, बास. अण्णा हसून म्हणाले, "कमिटीत गयाबाई हायेत की. बायकांच्या वतीनं त्या बोलतील तसं करू." कमिटीत एक बाई घ्यावी लागते म्हणून तिला घेतलं होतं. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा जावई बाळासाहेब, मंडळाचं काम करायचा, म्हणून तिचं नाव पुढं आलं. आम्हाला बरं वाटलं. आपली बाई आहे, तीही तिथंच बसते.

बैठक मारुतीच्या पारावर झाली. पुरुष खुर्च्यांवर, गयाबाई खाली सतरंजीच्या काठावर, आणि आम्ही पलीकडं लिंबाखाली उभ्या. अण्णांनी विचारलं, "बोला गयाबाई, बायकांच्या पायऱ्यांचं काय करायचं?" ती पदर सावरत म्हणाली, "फोडा. या टोकापासनं त्या टोकापतूर सारख्या खुर्च्या बसवा. मधी दगूड ठिवू नका." मला आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मग बाकीच्या माझ्याकडं बघायला लागल्या. तुमची विहीण म्हणून. जणू मीच तिला शिकवून पाठवलं होतं.

चार दिवसांत एक निळी खुर्ची तिच्या ओट्यावर दिसली. नवी कोरी, तसलीच गॅलरीतली. ठेकेदारानं नमुना म्हणून आणली होती, कमिटीनं बघितली, आणि ती परत जायच्या ऐवजी गयाबाईच्या घरी गेली. एवढं पुरे होतं. आमच्या गावात त्यापेक्षा कमी पुराव्यावर सोयरीक मोडते. पाणवठ्यावर एकच बोलणं... गया एका प्लास्टिकच्या खुर्चीवर विकली गेली. मी कुणाचं तोंड धरलं नाही. मलाही तसंच वाटत होतं. उलट मला वाटलं, खुर्ची ओट्यावर दिसते आहे, न दिसणारं अजून काय काय आत गेलं असेल.

मी मुद्दाम गेले. व्याही बाजेवर होते. गयाबाई खाली बसून लसूण सोलत होती आणि खुर्ची रिकामी होती.

"इहीनबाई, खुर्ची झ्याक हाय," मी म्हटलं. "कुनी दिली?"

"बसून बघा, मग सांगते."

"मला खाली बसायची सवय हाय."

"त्येच तर," ती म्हणाली आणि पुन्हा लसणीला लागली.

मी उंबऱ्यावर बसले, चहा घेतला आणि काही न कळता परत आले. पुढं लेकीकडून एकेक कानावर यायला लागलं. विरजण मागायला, चाळण मागायला जी बाई येईल तिला गयाबाई म्हणायची, "जरा टेक खुर्चीवर, देते." नेमकी व्याही समोर असताना. काही जणी चाळण न घेताच पळाल्या. काहींनी टेकलं, पण दोन्ही पाय वर ओढून, उकिडवं बसून, आणि खुर्ची कलंडली की हशा. माझ्या लेकीला तर तिनं नेमच लावला. रोज दुपारी सासऱ्यासमोर खुर्चीवर बसून गहू निवडायचे. लेक घामानं भिजायची. माझ्याकडं येऊन रडली. मी शेजारणीला म्हटलं, हा नवा सासुरवास निघाला बघ. शेजारीण म्हणाली, "मावशी, खुर्चीवर बसवून कुनी सासुरवास करतं का?" मी म्हटलं, तू माझ्या विहिणीला ओळखत नाहीस. ती पाटावर बसवूनही करील आणि जेवायला घालूनही करील. काहीतरी हेतू असल्याशिवाय ती कुणाला पाणी देत नाही. आणि हेतू होता, त्यात मी चुकले नव्हते.

पायऱ्या फोडल्या त्या दिवशी मी बघायला गेले नाही. आवाज घरापर्यंत येत होता.

त्या वर्षीच्या जत्रेत नवी गॅलरी उघडली. शेडखाली गार सावली, ऊन पत्र्यावर अडलेलं, मैदान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. पुरुष येऊन बसले. नंबर वगैरे कुणी बघितला नाही, जो तो आपापल्या जुन्या पायरीच्या जागी जाऊन बसला. आम्ही बायका टाकीपाशी उभ्या. पोरं कडेवर, पाय दुखताहेत, आणि समोर टोकाला रिकाम्या खुर्च्यांची ओळ. एकही जण बसेना. सासरे, दीर, मामेसासरे, सगळे समोर. अण्णांच्या मंडळी आमच्यातच उभ्या होत्या, त्यांचेही नवरा आणि दीर पहिल्या ओळीत. एक जण म्हणाली, "गयाबाईनं आपल्याला जमिनीवरनं पन उठवलं."

तेवढ्यात गयाबाई आली. टाकीकडं बघितलंही नाही. मधल्या वाटेनं वर चढली आणि मधल्या रांगेत, अगदी मधोमध, मांडी न घालता, दोन्ही पाय खाली सोडून बसली. तिच्या पुढच्या रांगेत तिचा नवरा. डाव्या-उजव्या बाजूचे पुरुष हळूच सरकले. म्हातारी झाली तरी परकी बाई, शेजारी कोण बसणार? दोन्ही अंगांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला, आणि ही तिथं एकटीच. ओरडलीसुद्धा नाही. हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेली बघितली, आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. इतके दिवस पोटात ठेवलेलं आज हिला सगळ्या गावासमोर सुनवायचं.

मी वर चढले. तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि सुरुवात केली, "काय ओ इहीनबाई, मिळाली का जागा मनासारखी? आमच्या खालचा दगूड काढून..." मागून पोरं ओरडायला लागली, "ओ आज्जी, खाली बसा! दिसंना!" मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा ओरडा. समोर पकड चालली होती आणि मी मधे उभी. गयाबाईनं शेजारच्या खुर्चीवर हात मारला. "बसा की. शिव्या बसून बी देता येत्यात."

बसले. दुसरं काय करणार होते? व्याह्यांची टोपी माझ्या गुडघ्याच्या समोर होती. पदर पुढं ओढून घेतला, खोटं का सांगू. पण शिव्या द्यायच्या राहिल्या नाहीत. मी तिच्या कानाशी वाकून एकेक सुनवत होते, तिनं बायकांना कसं फसवलं, खुर्ची कशी खाल्ली, लेकीला कशी रडवली. ती मान हलवत ऐकत होती आणि मधेच म्हणत होती, "थांबा, चढाई हाय." चढाई झाली की, "हां, बोला. खुर्चीपतूर आल्ता."

खाली टाकीपाशी बायका हे बघत होत्या. आमचं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच की दोन विहिणी डोक्याला डोकं लावून काहीतरी कुजबुजताहेत. गावात याच्याइतकं संशयाचं दुसरं काही नसतं. एवढ्या भांडल्या आणि आता एकत्र? काय शिजतंय? माझी शेजारीण पहिली आली. येऊन म्हणते, "काय चाललंय वो?" मागून पोरं ओरडली, "बसा!" ती बसली. तिच्या मागं तिची जाऊ आली, ती काय ऐकते ते ऐकायला. मग अजून दोघी. एकीचा दुसरीवर विश्वास नव्हता म्हणून ती रांग भरली. दुसऱ्या कशानं भरली असती असं मला वाटत नाही.

माझी लेक मात्र टाकीपाशीच राहिली. तिचा सासरा पुढच्या रांगेत, नवरा त्याच्या शेजारी. गयाबाई उठली नाही, बसल्या जागेवरून हाक मारली, "सुनंदे, ये वर." सगळ्या मैदानाला ऐकू गेली. लेक आली, पण खुर्चीपाशी येऊन थबकली आणि सासऱ्याच्या पाठीकडं बघायला लागली. व्याह्यांनी मान वळवली. सुनेकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, माझ्याकडंही बघितलं. मग टोपी नीट केली आणि पुन्हा मैदानाकडं तोंड केलं. सामना संपेपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही. लेक खुर्चीच्या कडेला टेकली. गयाबाई तिच्या कानात म्हणाली, "गहू निवडतीस तशी बस." आणि मग खाली कुणीतरी कुणाचा तरी पाय धरला, आणि माझी विहीण नेहमीसारखी ओरडली.

नंतर मी तिला सरळ विचारलं. हे तुम्ही आम्हा बायकांसाठी केलं का? ती म्हणाली, "तुमच्यासाठी कशाला करू? मला मैदान दिसत न्हवतं." मग पायऱ्या कशाला फोडायला लावल्या, दोन ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? म्हणाली, "कोपरा ठिवला असता तर कोपऱ्यातच बसावं लागलं असतं. तुमी काय, मी काय, सवयीनं तिथंच गेलो असतो." मग हे आधी सांगायचं नाही का? यावर ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं?" तरीही तिच्याबद्दलचा माझा संशय फिटला असं कुणी समजू नये. शेडचं काम शेवटी बाळासाहेबांच्या मित्रालाच मिळालं, आणि ती ओट्यावरची खुर्ची परत गेली नाही ती नाहीच. पुरावा सापडला नाही म्हणजे काही झालं नाही असं मी मानत नाही. माणूस एक चांगलं काम करून त्याच्या आडोशाला दोन दुसरी करू शकतो. गयाबाई तेवढी हुशार नक्की होती.

पुढची काही वर्षं ती मधल्याच रांगेत बसली. आम्हीही. कोणी कुठं, कोणी कुठं, पण टाकीपाशी उभं राहणं बंद झालं. यंदा थंडीच्या शेवटी ती आजारी पडली, छातीत पाणी झालं म्हणाले, नगरला दवाखान्यात नेली, मग घरी आणली. मी भेटायला गेले तेव्हा तांदळाची पेज नेली होती. तिनं झाकण उघडायच्या आधीच विचारलं, "मीठ घातलंय का इसरला?" मी म्हटलं, "तुमचं मीठ डॉक्टरनं बंद केलंय." ती म्हणाली, "डॉक्टर तुमचा कोन लागतो?" दोन चमचे पेज प्याली. मी निघाले तेव्हा डोळे मिटून पडली होती. मी दारातून वळून बघितलं, तर एक डोळा उघडा, मी गेले का ते बघत होता. तीच शेवटची भेट.

दहावा नदीवर झाला. आमच्याकडं दहाव्याला माईक असतो आणि माईक असला की भाषणं असतात. अण्णा उठले, गयाबाईंच्या आठवणी सांगितल्या, त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या. मग म्हणाले, "गयाबाईंच्या स्मरणार्थ आपल्या गॅलरीत टाकीकडच्या बाजूला माता-भगिनींसाठी स्वतंत्र महिला कक्ष करण्यात येईल. वेगळा रस्ता, भोवती कनात, आणि वर गयाबाईंच्या नावाचा फलक." माणसांनी माना हलवल्या. बाळासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायकासुद्धा म्हणाल्या, किती चांगलं केलं. जितेपणी जिनं तो कोपरा फोडायला लावला, ती मेल्यावर तिच्याच नावानं तो पुन्हा बांधायचा. आणि नाव तिचं, म्हणून नको कोण म्हणणार? हे अण्णांना सुचलं की नकळत झालं, मला माहीत नाही. मी दोन्ही धरून चालते.

जावयाला मी त्याच संध्याकाळी बोलले. तो म्हणाला, "मामी, आईचं नाव लागतंय. तुमाला का खुपतंय?" मी म्हटलं, "तुमची आई कुठं बसायची?" म्हणाला, "मधी." म्हटलं, "मग नाव तिथं लावा. खुर्चीवर." तो म्हणाला, "खुर्चीवर नाव कोन वाचनार? तिथं तर मानूस बसतं." त्यानं ऐकलं नाही. गावात आईच्या नावाचा बोर्ड लागणं सोपं नसतं, आणि त्याला आईची आठवण येत होती. मी समजू शकते. समजलं म्हणून पटतंच असं नाही.

जत्रेच्या आधी टेम्पोतून बोर्ड आला. पत्र्याचा, चौकटीसकट, पुरुषभर लांब. पूजा घरच्यांच्या हातून व्हायची म्हणून तो गयाबाईच्याच ओट्यावर आणून ठेवला. त्यावर तिचा रंगवलेला फोटो होता, त्यात नाक चुकवलं होतं. पुरुष ऊस भरायला गेलेले. मी बोर्डाचं एक टोक उचललं आणि लेकीकडं बघितलं. मला वाटलं, ही ओरडेल. सासूचा बोर्ड, नवऱ्याचा शब्द, आणि दुखवटाही पुरता सरला नव्हता. तिनं पदर कमरेला खोचला आणि दुसरं टोक धरलं. आम्ही दोघी चारीवरच्या फळीवरून, भर उन्हात, गावाच्या देखत तो घेऊन माझ्या घरी आलो. वाटेत एक जण म्हणाला, "मावशी, कुठं चालला बोर्ड?" मी म्हटलं, "उजळायला."

बोर्ड नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून कनात लागली नाही. सामने झाले. लेक येईल की नाही मला शंका होती, घरचं माणूस जाऊन थोडेच दिवस झालेले. ती आली, सासऱ्याच्या मागं बसली. व्याही यंदाही रोज आले. मधल्या रांगेत अण्णांच्या मंडळीही होत्या. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला गाठलं. "मावशी, तो बोर्ड कुठं हाय?" मी म्हटलं, "तिच्या नावाचा हाय, तिलाच इचारा."

तो माझ्या घराच्या वर, माळवदावर आहे. दर चैत्रात आम्ही विहिणी मिळून कुरडया घालायचो आणि कुणाच्या वाट्याला चुरा जास्त गेला यावरून भांडायचो. यंदा मी एकटीनं घातल्या, त्या बोर्डावर, नावाची बाजू खाली करून. पत्रा तापतो, कुरडया लवकर वाळतात. परवा बाळासाहेब वर आला. एक ओली कुरडई उचलून खाल्ली आणि म्हणाला, "मामी, वाळल्या की सांगा." मी म्हटलं, "यंदा ऊन कमी हाय, लई दिवस लागत्याल." डोक्यावर चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. तो खाली उतरून गेला.

हे छापून आलं की अण्णांना बोर्डाचा पत्ता लागेल. लागू दे. फक्त त्यांनी स्वतः न्यायला येऊ नये, आपल्या मंडळींना पाठवावं. त्या जर माझ्या तोंडावर म्हणाल्या की मावशी, आम्हाला टाकीकडं बसायचं आहे, तर मी कुरडया उचलून बोर्ड देईन. त्या काय म्हणतील याची मला खात्री नाही. म्हणून सध्या तरी एक घाणा संपला की मी दुसरा घालते.